दाराची चौकट आणि उद्घाटनाची तारीख

शाळेने नवा कॅम्पस बांधला की उद्घाटन होतं, आणि उद्घाटन म्हटलं की समिती आलीच. अशा एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या उद्घाटन समितीची मी सचिव होते. इतिवृत्त लिहिणं, याद्या करणं, कोणाला काय कळवायचं राहिलंय ते आठवून देणं, हे माझं काम. पुढे लिहिलंय ते त्याच कामाचं प्रकरण. शाळा, देश आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशी काळजी घेतली आहे.

आमचा सोहळा फसला असं कोणी म्हणणार नाही. फोटो सुरेख आले, प्रमुख पाहुणे खूश होऊन गेले, फीत पहिल्या झटक्यात कापली गेली. तरी हे लिहायला घेतलं ते एका दाराच्या चौकटीमुळे. आमच्या ४१ कलमांच्या कार्यक्रम-यादीत तिचा उल्लेख कुठेच नव्हता. ती यादी मीच केली होती.

जुनी इमारत

पट ६१० मुलांचा, वयं ३ ते १८. पालक दूतावासांत, मदत संस्थांत, कंपन्यांत, इस्पितळांत काम करणारे. दोन-तीन वर्षं राहायचं, बदली झाली की सामान बांधायचं. या शाळा मुळात अशाच लोकांच्या गरजेतून निघाल्या. १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या लोकांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा तिथे ८ विद्यार्थी होते आणि वर्ग एका लाकडी घरात भरत. पुढे त्याच शहरात १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही शालेय अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवणारी संस्था उभी राहिली. एका देशात शिकलेल्या मुलाला दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाच्या दारात अडवलं जाऊ नये, हा तिच्यामागचा एक हेतू होता. थोडक्यात, मूल उद्या निघून जाणार हे धरूनच या शाळा बांधलेल्या असतात.

ज्यांचं बालपण असं आईवडिलांच्या देशाबाहेर जातं त्या मुलांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हणतात. हा शब्द रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंचा. १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना तो सुचला. आईवडिलांची संस्कृती पहिली, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत अशी माणसं मिळून जी तयार करतात ती तिसरी. आमच्या शाळेत ही तिसरी जागा म्हणजे एक भाड्याची, मुळात कार्यालयांसाठी बांधलेली चारमजली इमारत होती. लिफ्ट रडतखडत चालायची. खेळायला गच्ची होती, तिच्याभोवती जाळी. ग्रंथालयाच्या मधोमध एक खांब होता आणि प्रत्येक नवं मूल त्याच्यावर एकदा तरी आपटायचं. तिथे आम्ही ११ वर्षं काढली.

तळमजल्यावर नर्सची खोली होती. तिच्या लाकडी चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या. हे कोणी ठरवून सुरू केलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका रडणाऱ्या मुलाला गप्प करायला नर्सताईंनी त्याला चौकटीला उभं करून पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी सात मुलं रांगेत. अकरा वर्षांत चौकटीची दोन्ही अंगं भरली, मग आतली बाजू भरली. ज्या मुलाने दहाव्या वर्षापर्यंत चार देश आणि सहा घरं बदलली, त्याची उंची सलग पाच वर्षं एकाच लाकडावर नोंदलेली होती. याचं मोल तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. आम्हाला ती चौकट म्हणजे गिचमिड वाटायची, फार तर गोड गिचमिड.

तारीख आधी ठरली

उद्घाटनाचा दिवस आठ महिने आधी पक्का झाला, कारण प्रमुख पाहुण्यांना तेवढा एकच दिवस मोकळा होता. शुक्रवार. दोन सत्रांमधल्या सुट्टीत सामान हलवायचं, सोमवारी नव्या इमारतीत वर्ग सुरू करायचे आणि त्याच शुक्रवारी सोहळा. कागदावर छान दिसत होतं. बांधकामाशी थोडाफार संबंध आलेल्या माणसाला मात्र यातलं 'सोमवार ते शुक्रवार' वाचूनच घाम फुटला असता.

नवी इमारत पहिले काही आठवडे वापरण्याजोगी असते, राहण्याजोगी नसते. रंग, चिकटद्रव्यं, प्लायवूडचं फर्निचर यांतून बाष्पशील सेंद्रिय संयुगं, म्हणजे सहज वाफ होणारी रसायनं, हवेत येत राहतात. त्यासाठी इमारत ताब्यात घेण्याआधी तिच्यातून बाहेरची हवा खेळवून काढायची पद्धत आहे. हरित इमारतींच्या 'लीड' या मानांकनात त्याचं मापच दिलेलं आहे: दर चौरस फूट जागेमागे १४,००० घनफूट बाहेरची हवा. मोठ्या इमारतीत हे काम दिवसांचं नाही, कधी कधी आठवड्यांचं असतं. शिवाय फुगलेली दारं, उलटे बसवलेले नळ, भलत्याच वेळी वाजणारी घंटा. कंत्राटदार याला स्नॅग लिस्ट म्हणतात. आमची स्नॅग लिस्ट ३८ पानांची होती.

सोहळ्याच्या १९ दिवस आधी प्रकल्प अधिकारी बैठकीत म्हणाले, "मॅडम, मोठं सभागृह होत नाही. छताचे ध्वनिशोषक तक्ते अडकलेत. भोगवटा प्रमाणपत्र मिळेल, पण सभागृह सोडून."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून ठेवला. "किती दिवस पुढे जाईल?"

"सहा आठवडे धरून चाला."

खरा निर्णय इथे होता आणि त्याला तासभर लागला. सोहळा सहा आठवडे पुढे न्यायचा, की त्याच दिवशी दुसऱ्या जागेत करायचा? प्रवेश विभागाच्या बाईंचं म्हणणं सरळ होतं: इमारतीत ९०० मुलांची सोय केली आहे, पट ६१० चा आहे, उद्घाटनाची बातमी पुढच्या वर्षाच्या प्रवेशांच्या आधी गेली पाहिजे. देणगीदारांना तारीख कळवून झाली होती. मुख्याध्यापिकाही त्याच बाजूला झुकत होत्या. मला आजही वाटतं की त्यांचं अगदीच चूक नव्हतं. रिकाम्या वर्गांचा खर्च खरा असतो आणि तो शेवटी फीमधूनच वसूल होतो. पालक प्रतिनिधी तेवढे पुढे ढकलण्याच्या बाजूचे होते. पण ते एकटे, आणि त्यांचा आवाजही मवाळ.

तारीख तीच राहिली. सोहळा व्यायामशाळेत हलवला.

व्यायामशाळेचा आवाज

व्यायामशाळा ३२ मीटर लांब, २२ मीटर रुंद, ९ मीटर उंच. फरशी कडक, भिंती कडक, छत पत्र्याचं. पहिल्या तालमीला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने "सन्माननीय पाहुणे" म्हटलं, आणि ती थांबल्यावरही पाहुणे बराच वेळ घुमत राहिले. ध्वनिव्यवस्थेच्या माणसाने आवाज वाढवला. ते आणखी वाईट झालं. त्याने पुन्हा वाढवला.

इथे जरा थांबते, कारण शाळांचे निम्मे सोहळे याच ठिकाणी हातचे जातात आणि दोष बिचाऱ्या बोलणाऱ्या मुलांना मिळतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात शिक्षकांचं बोलणंच कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रातोरात उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असं त्याने किती तरी रात्री केलं. त्यातून एक साधं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतल्या सगळ्या पृष्ठांची एकूण शोषणक्षमता. उत्तर येतं ते घुमण्याचे सेकंद.

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी ते फळ्यावर मांडलं. घनफळ ६,३३६ घनमीटर. रिकाम्या व्यायामशाळेची शोषणक्षमता त्यांनी २५० चौरस मीटर धरली. उत्तर चार सेकंदांच्या थोडं वर. मग ते म्हणाले, "आता माणसं बसवा." एक माणूस, कपड्यांसकट, साधारण ०.४५ चौरस मीटर इतका आवाज गिळतो. ७०० माणसं बसली की ३१५ ची भर पडते आणि घुमणं १.८ सेकंदांवर येतं. म्हणजे रिकाम्या जागेत तालीम करून आम्ही भलत्याच खोलीसाठी आवाज लावत होतो. आणि आवाज वाढवला की घुमणंही तितकंच वाढतं, शब्द काही स्वच्छ होत नाहीत.

दोन मोठे स्पीकर काढून श्रोत्यांच्या जवळ आठ लहान, कमी आवाजाचे लावले. दोन भिंतींवर जाड पडदे सोडले. रंगीत तालमीला ३०० मुलांना नुसतं बसायला बोलावलं. ती मुलं खूप खूश होती, कारण माणसांचा उपयोग गादीसारखा होतोय हे सरांनी त्यांना सांगितलं होतं. बोलणाऱ्यांना एकच सूचना दिली: प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्या.

आंतरराष्ट्रीय शाळेत हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची ती तिसरी भाषा असते. आपल्या भाषेत अर्धा शब्द हुकला तर मेंदू तो भरून काढतो. नव्या भाषेत भरून काढायला मनात साठाच नसतो. साध्या वर्गखोलीसाठी अमेरिकन मानकात घुमण्याची मर्यादा ०.६ सेकंद ठेवली आहे, तीही भाषा शिकणाऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा विचार करून. आमच्या वर्गखोल्या त्यात बसत होत्या. सोहळा बसत नव्हता.

कोणाला कमी करायचं

पाच दिवस उरले असताना अग्निसुरक्षेचे अधिकारी पाहणीला आले. व्यासपीठामागचं देखणं कापडी चित्र त्यांनी बाजूला सारलं. मागे आपत्कालीन दार होतं. चारपैकी एक दार आम्ही स्वतःच झाकलं होतं. व्यासपीठ हलवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी क्षमता कमी करून दिली: ७००. आमची बेरीज ९५० होती. मुलं ६१०, पाहुणे २५०, शिक्षक-कर्मचारी ९०.

निमंत्रणं गेलेली होती. पाहुण्यांना 'येऊ नका' कोण म्हणणार? बैठकीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग मीच म्हटलं की तीन ते आठ वयाची मुलं एवढा वेळ बसू शकत नाहीत, त्यांना वर्गात पडद्यावर थेट प्रक्षेपण दाखवता येईल. २३० मुलं आणि त्यांचे २० शिक्षक. आकडा चोख बसला. सगळ्यांना हायसं वाटलं आणि माझं कौतुकही झालं.

कारण खोटं नव्हतं. लहान मुलं खरंच तासभर बसत नाहीत. पण हे कारण आठवायला अग्निसुरक्षेचा माणूस यावा लागला, यातच सगळं आलं. मुलांना बसवत नसेल तर कार्यक्रम वीस मिनिटांचा करा, असं त्या खोलीत कोणालाच सुचलं नाही.

झेंडे

कार्यक्रमाची सुरुवात झेंड्यांच्या संचलनाने होणार होती. आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये ही जवळजवळ ठरलेली गोष्ट. प्रवेश विभागाच्या नोंदीत ५२ राष्ट्रीयत्वं होती, म्हणून ५२ झेंडे, प्रत्येकी एक मूल.

पहिली अडचण शिंप्याकडून आली. सगळे झेंडे एका मापाचे हवे, असं आम्ही कळवलं होतं. स्वित्झर्लंडचा झेंडा चौरस असतो. नेपाळचा मुळी आयतच नाही, दोन त्रिकोणांचा आहे. कतारचा ११ ला २८, म्हणजे उंचीच्या अडीचपट लांब. 'एका मापाचे' म्हणजे समान उंची, समान लांबी की समान क्षेत्रफळ? समान उंची ठरली. कतारचा झेंडा धरणारी मुलगी अंगाने सगळ्यांत लहान निघाली, ते वेगळंच.

दुसरी अडचण क्रमाची. ऑलिंपिकमध्ये ग्रीस आधी, यजमान देश शेवटी आणि बाकीचे यजमानांच्या भाषेतल्या क्रमाने येतात. बीजिंगला २००८ मध्ये चिनी लिपीतल्या रेघांच्या संख्येवर क्रम लावला होता. आमच्या शाळेत माध्यमाची भाषा एक आणि देशाची भाषा दुसरी. दोन्हींच्या याद्या केल्या, दोन्हींवर आक्षेप आले. मग देश कोणते धरायचे? संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आणि २ निरीक्षक एवढेच धरू, असं ठरवून आम्ही सुटकेचा श्वास सोडला, आणि दुसऱ्या दिवशी एक वडील येऊन बसले. त्यांचा मुलुख त्या यादीत नव्हता. ते भांडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "माझा मुलगा त्या दिवशी कुठे उभा राहील?"

खरी गाठ मुलांनीच दाखवून दिली. एका मुलीची आई एका देशाची, वडील दुसऱ्या, जन्म तिसऱ्यात, आणि तिला वाटत होतं की ती चौथ्याची आहे, कारण मैत्रिणी तिथे राहिल्या होत्या. एका मुलाकडे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. कायद्याच्या भाषेत त्याला राज्यविहीन म्हणतात. ज्याला कुठलंच राज्य आपल्या कायद्यानुसार नागरिक मानत नाही तो, अशी १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्या आहे. त्याच्या बाईंनी त्याला शाळेचा झेंडा दिला. तो म्हणाला, "शाळेचा तर सगळ्यांचाच आहे ना? मग मला एकट्यालाच का?"

कला शिकवणाऱ्या सरांनी १९५६ ची आठवण काढली. त्या वर्षीचं मेलबर्न ऑलिंपिक चालू असताना जॉन विंग नावाच्या १७ वर्षांच्या चिनी-ऑस्ट्रेलियन मुलाने आयोजकांना पत्र लिहिलं होतं. समारोपाला खेळाडूंनी देशवार रांगांत न येता एकमेकांत मिसळून यावं, अशी त्याची सूचना होती. इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरून झालेलं युद्ध आणि हंगेरीत घुसलेलं सोव्हिएत सैन्य यांमुळे त्या स्पर्धेवर कडवट सावट होतं, काही देशांनी बहिष्कार घातला होता. आयोजकांनी त्या मुलाचं ऐकलं. तेव्हापासून समारोपाची ती प्रथाच पडली.

आम्ही तेच उचललं. झेंडे आदल्या दिवशी दोन्ही बाजूंना स्टँडवर लावून ठेवले, कोणीच धरले नाहीत. मुलं वर्गही न पाळता सरमिसळ चालत आली. काही पालक नाराज झाले, त्यांना आपल्या झेंड्याखाली आपल्या मुलाचा फोटो हवा होता. तो कार्यक्रमानंतर काढता येईल असं सांगितल्यावर निवळले. या प्रकरणातला हा एकच निर्णय मी बिनदिक्कत पुन्हा घेईन. शिवाय तो घेताना मुलांना विचारलं गेलं होतं, जरी ते अपघाताने झालं असलं तरी.

शुक्रवार

पाहुणे ३५ मिनिटं उशिरा आले. गायनवृंदाने तेच गाणं दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जास्त चांगलं. भाषणं कळली. फीत, टाळ्या, फोटो. व्यासपीठापुढच्या खड्ड्यात एक कालकुपी पुरली, ५० वर्षांनी उघडायची. तिच्यात गणवेशाचा बिल्ला, वर्तमानपत्र, मुलांची पत्रं. अमेरिकेतल्या टल्सा शहराने १९५७ मध्ये अख्खी नवी कोरी मोटार अशीच जमिनीत पुरली होती. २००७ मध्ये वर काढली तेव्हा पाणी शिरून तिचा गंजका सांगाडा झाला होता. म्हणून आमची पेटी स्टेनलेस स्टीलची, झाळून बंद केलेली. भविष्यातल्या आठवणींची आम्ही भलतीच चोख व्यवस्था ठेवली होती.

वरच्या मजल्यावर २३० लहान मुलं पडदे बघत होती. प्रक्षेपण वीसेक सेकंद मागे चालत होतं. खालच्या टाळ्या जिन्यातून आधी ऐकू यायच्या आणि फीत पडद्यावर नंतर कापली जायची. पोरांना हा खेळच सापडला. टाळ्या ऐकल्या की "आता कापणार, आता कापणार!" त्यांच्या बाईंनी मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसले. रात्री घरी आल्यावर मात्र ते तेवढं हसण्यासारखं वाटेना.

सोमवार

पुढच्या सोमवारी वर्गावर्गात नव्या इमारतीबद्दल गप्पा ठेवल्या होत्या. काय आवडलं, काय नाही. मैदान आवडलं, हे अपेक्षित होतं. मग पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "चौकट कुठे लावली?"

बाईंना कळेना. "कुठली चौकट?"

"नर्सताईंची. माझी सहावी रेघ यायची आहे."

दुपारपर्यंत हाच प्रश्न चार वर्गांतून आला. नवीन नर्सची खोली पांढरीशुभ्र होती, तिला ॲल्युमिनियमची सरकती काच. जुनी इमारत घरमालकाला परत करताना ती मूळ स्थितीत आणून द्यायची, असं भाडेकरारात होतं. रंगाऱ्यांना द्यायच्या कामांच्या यादीत 'सर्व दारे व चौकटी: घासून, दोन हात ऑइल पेंट' असं एक कलम होतं. त्या यादीवर सही माझी होती. सोहळ्याच्या दहा दिवस आधी काम उरकलं होतं.

एक मुलगा रडला. बाकीचे रडले नाहीत, पण गप्प झाले. सातवीतली एक मुलगी म्हणाली की दर वेळी असंच होतं, आपण निघतो आणि मग कळतं की ती शेवटची वेळ होती. ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

देश बदलणाऱ्या मुलांबरोबर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी निरोपासाठी चार गोष्टींची एक मांडणी केली आहे. चार इंग्रजी आद्याक्षरांचा 'राफ्ट', म्हणजे तराफा. भांडणं मिटवणं, ज्यांनी आपल्यासाठी काही केलं त्यांना ते सांगणं, माणसांचा, जागांचा आणि वस्तूंचा रीतसर निरोप घेणं, आणि पुढच्या ठिकाणाचा विचार करणं. आमच्या समुपदेशक बाई दर वर्षाअखेरीला निघणाऱ्या मुलांकडून हे सगळं करून घेतात, फार मनापासून. पण ६१० मुलं एकाच वेळी एका जागेवरून निघाली तेव्हा शाळेला ते निघणं वाटलंच नाही. शहर तेच, शिक्षक तेच, अंतर सहा किलोमीटर. आमच्या नजरेला ती फक्त सामानाची हलवाहलव होती. चार गोष्टींपैकी चौथी आम्ही आठ महिने ढोलताशे लावून करत होतो आणि आधीच्या तीन आमच्या गावीही नव्हत्या.

समितीत कोण होतं ते पाहिलं तर हे आपोआप कळतं. मुख्याध्यापिका, प्रवेश विभाग, प्रकल्प अधिकारी, निधी संकलन, प्रसिद्धी, पालक प्रतिनिधी, मी. नर्सताई नव्हत्या. समुपदेशक नव्हत्या. एकही विद्यार्थी नव्हता. नर्सताईंना मी नंतर विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही चौकट काढून नेणार असाल. एवढं मोठं काम चाललंय, मध्येच दाराचं काय विचारायचं?" सुताराला चौकट उखडायला फार तर तास लागला असता, आणि तिच्या जागी नवी बसवून दिली असती तर करारही मोडला नसता.

मला कोणी विचारतं की दुसऱ्या शाळेने काय करावं, तेव्हा मी दोन दिवस वेगळे करायला सांगते. मुलांनी इमारतीत राहायला येण्याचा दिवस एक, पाहुण्यांचा दिवस दुसरा, मध्ये सहा ते आठ आठवडे. पहिल्या दिवशी फीत नको, माइक नको. वर्गाला किल्ली द्या आणि दार मुलांनाच उघडू द्या. त्याच्या आदल्या आठवड्यात जुन्या जागेत एक दुपार मोकळी सोडा. मुलांना सांगा, इथलं काय न्यायचं ते दाखवा. खांब नेता येणार नाही, पण तो दाखवतील नक्की. मधल्या आठवड्यांत स्नॅग लिस्ट आटोक्यात येते, रंगाचा वास जातो, आणि पाहुण्यांना इमारतीत दाखवायला मुलांकडे स्वतःचं काहीतरी तयार झालेलं असतं. मुख्याध्यापिकांना हे पटलं, पण पूर्ण नाही. त्यांच्या मते सहा आठवड्यांनी बातमी शिळी होते. त्या वर्षी प्रवेश वाढले, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं.

चौकटीचं पुढे असं झालं. नर्सताईंकडे प्रत्येक मुलाचं आरोग्यपत्रक होतं आणि त्यात दर वर्षीची उंची लिहिलेली होती. सुताराकडून एक लाकडी चौकट करून घेतली आणि ती काचेच्या दाराबाहेर भिंतीला ठोकली. दोन शनिवार नर्सताई, मी आणि नववीतली चार मुलं पत्रकं बघून रेघा मारत बसलो. शाळा सोडून गेलेल्यांच्याही मारल्या.

सोमवारी पाचवीतला तो मुलगा आला आणि आपल्या पाच रेघा बारकाईने बघत राहिला. मग म्हणाला, "या चुकल्यात. सगळ्या दोन सेंटीमीटर खाली आहेत."

नर्सताईंनी पत्रक उघडून दाखवलं. आकडे बरोबर होते. थोडा वेळ कोणालाच उलगडा होईना. मग त्यांनी कपाळावर हात मारला. पत्रकातली उंची बूट काढून मोजलेली होती. चौकटीवरची, बूट घालून.

तो बूट घालूनच उभा राहिला, टाचा भिंतीला चिकटवून. सहावी रेघ बाकीच्या पाचांपासून बरीच वर गेली. वर्गात जाऊन त्याने सगळ्यांना सांगितलं की या वर्षी तो फार वाढला.